माणूस गेल्यानंतरचं घर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात काय काय अडतं ते कळवा, असं आम्ही मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं कुकरबद्दल, कपाटाबद्दल, टिकलीबद्दल आहेत. दुःख असंच रोजच्या वस्तूंमधून वर येतं, म्हणून उत्तरंही त्या वस्तूंना धरूनच दिली आहेत.

प्रश्न : वडील मे महिन्यात गेले. अस्थींचा थोडा भाग नाशिकला रामकुंडात विसर्जित केला. उरलेल्या अस्थी आणि राख शेतात पुरून त्यावर आंब्याचं कलम लावायचं ठरलं आहे. गुरुजींची हरकत नाही. काही काळजी घ्यावी लागते का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : घ्यावी लागते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अस्थींची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. तिच्यात क्षार भरपूर असतात आणि सामू (पीएच) अकरा-बाराच्या घरात असतो, म्हणजे जवळजवळ चुन्यासारखा. बहुतेक झाडांना सहा ते साडेसात सामूची माती मानवते. मडकंभर राख एकाच खड्ड्यात ओतली की पावसाच्या पाण्याने तिचा थर घट्ट बसतो, कोवळी मुळं होरपळतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पानांच्या कडा करपायला लागतात. रोप गेलं तर वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. ती वेळ येऊ देऊ नका.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. एक ओंजळ राख, दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत हे बाहेरच, फावड्याने, राखेचा पांढरा रंग दिसेनासा होईपर्यंत कालवा. हे मिश्रण खड्ड्याच्या तळाला घाला. त्यावर निदान सहा इंच नुसती माती आणि शेणखत, आणि मग रोप. मुळं वाढत वाढत राखेपर्यंत पोचतील तोवर पावसाने बरेचसे क्षार धुऊन गेलेले असतात. हाडांचे मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात, ते तळाशी ठेवा. एका खड्ड्याला एकच ओंजळ. उरलेली राख बांधाच्या कडेने मातीत पातळ पसरून मिसळता येते.

झाडाबद्दल थोडं अप्रिय बोलतो. आंब्याला क्षार सोसत नाहीत आणि कलम तर फारच नाजूक. कडुलिंब, चिंच किंवा जांभूळ निवडलंत तर जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वडिलांना आंबाच आवडत असेल तर आंबा लावा, पण राखेपासून पाच-सहा फूट सोडून. आणि एकच रोप लावू नका, तीन लावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपं जातात, चांगल्या शेतकऱ्याचीही जातात. एकावर सगळा जीव टांगू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा प्रत्येकी दहा-पंधरा लिटर पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं दोन वर्षं सांभाळा.

यंदाचा पाऊस हुकला तरी घाई नको. राख कुजत नाही. मातीच्या मडक्यात, तोंडाला सुती फडकं बांधून, कोरड्या जागी वर्षभर राहते.

प्रश्न : बाबा जाऊन दीड महिना झाला. दहाव्याला आईचं मंगळसूत्र, जोडवी, कुंकू सगळं काढायला लावलं. आत्याबाई पुढे होत्या, मी काही बोलू शकले नाही. आई आता आरशासमोर उभी राहत नाही, केस न बघताच विंचरते. तिने पुन्हा टिकली लावावी असं मला वाटतं. मावशी म्हणते, तिच्या मागे लागू नकोस.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मावशींचं बरोबर आहे आणि तुमचंही.

तुमच्या जवळच्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आत्याबाईंशी बोलायची वेळ आली तर हे सांगा. ‘आजकालच्या मुलींचं खूळ’ म्हणून उडवून लावता येईल अशी ही गोष्ट राहिलेली नाही.

आईपुढे मात्र ठराव वाचू नका. त्या दिवशी चारचौघींनी तिच्या अंगाला हात लावून ठरवलं. आता तुम्ही आग्रह करून टिकली लावलीत, तर पुन्हा दुसऱ्याच कुणीतरी ठरवल्यासारखं होईल. टिकल्यांचं पाकीट आरशाच्या कोपऱ्याला पूर्वी होतं तिथे परत ठेवा. हातात देऊ नका, विषय काढू नका. ती घरात एकटी असताना कधीतरी लावून बघेल आणि काढूनही टाकेल. काही बायका आधी बारीक काळी टिकली लावतात, मग मरून, मग नेहमीची. काहीजणी कधीच लावत नाहीत, पण बांगड्या घालतात. तिचं तिला ठरवू दे, सहा महिने लागले तरी.

तुम्ही करण्यासारखं एक काम आहे. तुमच्या घरी हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं असेल तेव्हा तिला आठ दिवस आधी स्वतः विचारा, ‘आई, तुलाही कुंकू लावणार आहे, चालेल ना?’ ऐनवेळी सगळ्यांसमोर कुंकवाचा करंडा पुढे केला तर तिला हो म्हणणंही अवघड आणि नाही म्हणणंही. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग यायचा आहे, त्यांनी दहाव्याच्या आदल्या दिवशी घरातल्या दोन वडीलधाऱ्या बायकांशी आणि गुरुजींशी स्पष्ट बोलून घ्यावं. घाटावर उभं राहून वाद होत नाही, तिथे जो पुढे होतो त्याचं चालतं.

प्रश्न : आई गेल्यावर बाबा मिरजेला एकटेच राहतात. वय ७२. पुण्याला यायला तयार नाहीत. डबा लावला होता, पंधरा दिवसांत बंद केला. फोनवर ‘जेवलो’ म्हणतात, पण घरी गेले तर डब्यात नुसती बिस्किटं. त्यांना चहापलीकडे काही येत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : या घडीला त्यांना स्वयंपाक शिकवायचा नाही, एक पदार्थ शिकवायचा आहे. तो म्हणजे मऊ खिचडी. पोट भरतं, दात लागत नाहीत आणि एकाच भांड्यात होते.

आधी कुकर बघा. घरात पाच लिटरचा असेल तर तो वर ठेवून द्या आणि दोन लिटरचा आणा. मोठ्या कुकरमध्ये एका माणसाची खिचडी तळाला पसरते, पाणी लवकर आटतं आणि बूड लागतं. दोनदा बूड लागलं की पुरुषमाणूस तो नाद सोडतो. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ दोनदा धुऊन पंधरा मिनिटं भिजत ठेवायची. कुकरमध्येच चमचाभर तेल तापवायचं. मोहरी टाकायची, ती तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद. हळद करपायच्या आत डाळ-तांदूळ आत. त्याच वाटीने तीन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. पाणी घातल्यावर कुकर निम्म्याच्या वर भरलेला नसावा, नाहीतर डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. वरून तूप, बरोबर मेतकूट किंवा लोणचं. उरली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून वाफ येईपर्यंत गरम. मधुमेह असेल तर तांदूळ आणि डाळ दोन्ही समसमान घ्यावी आणि जोडीला काकडी किंवा शिजवलेली भाजी असावी.

तुम्ही दोन दिवस जा आणि चार वेळा त्यांच्याच हातून करून घ्या. तुम्ही ओट्यापासून लांब बसा, हात लावू नका. आईची मिसळणाची डबी त्यांच्या हाताशी ठेवा, पण आतल्या वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवा. जिरं आणि शहाजिरं यांतला फरक पन्नास वर्षं त्यांना बघायची गरज पडलेली नाही.

एकटी माणसं ओट्याशी उभ्यानेच जेवतात. ताट घेऊन बसायचं, एवढी एक सवय त्यांच्याकडून मागून घ्या. शक्य असेल तर जेवायच्या वेळी तुम्ही फोन करा आणि तुमचंही ताट समोर असू द्या. ‘जेवलात का’ विचारण्यापेक्षा ते बरं. वजनकाटा आणून दर पंधरा दिवसांनी वजन कॅलेंडरवर लिहायला सांगा. साठ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत तीन किलो वजन प्रयत्न न करता उतरलं, तर ते नुसतं दुःख समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझा भाऊ अपघातात गेला. त्याचा मुलगा सहा वर्षांचा आहे. ‘बाबा देवाघरी गेले’ असं आम्ही सांगितलं. तो रोज विचारतो, कधी येणार? आणि आता झोपायला घाबरतो, कारण कुणीतरी ‘बाबा शांत झोपलेत’ असंही म्हणालं होतं.
– एक वाचक, अकोला

उत्तर : मूल शब्द जसेच्या तसे घेतं. देवाघरी गेलेला माणूस मामाच्या घरी गेलेल्या माणसासारखा परत यायला हवा. आणि झोपलेला उठत नसेल तर झोप ही भीतीचीच गोष्ट झाली.

त्याच्या आईने किंवा त्याला सर्वांत जवळच्या माणसाने, दिवसाउजेडी, शेजारी बसून सांगावं: ‘बाबांना खूप मोठा मार लागला. त्यांचं शरीर बंद पडलं. आता त्यांना श्वास नाही, दुखत नाही, भूक लागत नाही. ते मेले. मेलेलं माणूस परत येत नाही. झोप वेगळी असते, झोपेत श्वास चालू असतो आणि सकाळी आपण उठतो.’ ‘मेले’ हा शब्द तोंडातून निघणं फार जड आहे, तरी तोच वापरा. मग रात्री स्वतःच्या छातीवर त्याचा हात ठेवून श्वास दाखवा. देव, तारा, आत्मा या गोष्टी तुमच्या घरात मानत असाल तर त्या यानंतर सांगा, याच्याऐवजी नको.

तो तोच प्रश्न वीस वेळा विचारेल. प्रत्येक वेळी तेच शब्द. रडता रडता मध्येच उठून क्रिकेट खेळायला गेला तर त्याला बापाचं काही नाही असं समजू नका, मुलं दुःख तुकड्यातुकड्यांनी घेतात. ‘तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही’ हे त्याने विचारलं नाही तरी सांगा. आदल्या दिवशी तो बाबांवर रागावलेला असू शकतो आणि या वयात मुलांना आपल्या रागाने असं झालं असं खरोखर वाटतं. काही आठवडे अंथरूण ओलं होईल, रागावू नका. बाईंना शाळेत आधीच कल्पना द्या, म्हणजे ‘माझे बाबा’ हा निबंध वर्गात अचानक समोर येणार नाही. दोन महिन्यांनंतरही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल तर बालरोगतज्ज्ञांमार्फत मुलांच्या समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : आईच्या साठेक साड्यांनी कपाट भरलंय. बहीण म्हणते आश्रमात देऊन टाक. मला उघडवतही नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिल्या वर्षात परत फिरवता येणार नाही असं काही शक्यतो करू नये, हे आमचं मत घर विकण्यापासून साड्या देण्यापर्यंत सगळ्याला लागू आहे. कपाट कुणाला नडत नसेल तर राहू दे. पावसाळ्यात चिपळूणला बुरशी मात्र धरेल, तेव्हा महिन्यातून एकदा दारं उघडी टाका, घड्या उलट्या करून ठेवा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. न धुतलेल्या एका साडीला आईचा वास असेल, ती वेगळी, झाकणाच्या डब्यात.

देण्याची वेळ येईल तेव्हा तीन ढीग न करता एकच करा, ठेवायच्यांचा. पाच किंवा सात, आकडा आधी ठरवून. बाकीच्या घरकाम करणाऱ्या मावशी, मामी, आईच्या मैत्रिणी यांना नावाने द्या. संस्थेत द्यायच्या तर आधी फोन करून काय लागतं ते विचारा. पुष्कळ ठिकाणी साड्या पडून असतात आणि गरज चादरींची असते.

आणि नेसून नेसून मऊ झालेल्या दोन सुती साड्यांची गोधडी शिवा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पावणेचार फूट पन्ह्याची असते. न फाडता तिच्या लांबीच्या तीन घड्या घातल्या की बरोबर सहा फूट लांबीची तीन पदरी गोधडी होते. तशा दोन साड्या एकावर एक, म्हणजे सहा पदर. त्याहून जास्त घेतलेत तर सुई जात नाही, बोटं सोलवटतात. आवडता काठ आणि पदर वरच्या बाजूला येईल अशी घडी घाला. साड्या आधी धुऊन वाळवलेल्या हव्यात, खळ उरलेली नको. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर आत घालू नका. ते सरकतं आणि दोन धुण्यांत आत गोळा होतं.

फरशीवर पसरून चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. मधून कडेकडे हाताने सुरकुत्या काढत, वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. हे टाळलं की शेवटी मधोमध फुगा येतो आणि तो कशानेही जात नाही. मग जाड सुती दोरा दुहेरी घेऊन धावदोरा, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. साधारण तीस ओळी होतील. एका ओळीला अर्धा तास धरा. रोज एकच ओळ घालायची ठरवलीत तर महिना जाईल. बहिणीला समोरच्या टोकाला बसवा. हात कामात असले की दोघी आईबद्दल जे बोलाल, ते समोरासमोर चहा घेऊन बसलात तर बोलणार नाही. शेवटी कच्चे टाके उसवायला विसरू नका.

प्रश्न : सासऱ्यांच्या एटीएम कार्डावर दीर अजून पैसे काढतात. ‘घरचेच पैसे’ म्हणतात. चालतं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. खातेदार गेला की त्याचं कार्ड आणि मोबाइलवरून होणारे व्यवहार त्याच दिवशी थांबले पाहिजेत, पैसे घरच्याच कामाला लागले तरी. बँकेला लेखी कळवा. नामनिर्देशित व्यक्तीला मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र देऊन रक्कम मिळते. ती त्या रकमेची मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळणारी असते. भावाभावांतली निम्मी भांडणं हे न कळल्यामुळे होतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. शेतजमीन असेल तर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्या.

प्रश्न : माझा तरुण मुलगा जाऊन तीन महिने झाले. डोक्यातले विचार थांबत नाहीत. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जावं का? देवपूजा बंद झाली आहे. देवासमोर उभी राहिले की राग येतो, आणि मग त्या रागाची भीती वाटते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आत्ता जाऊ नका. विपश्यना चांगली आहे म्हणूनच म्हणतो, जरा थांबून जा. तिथे पहाटे चारला उठायचं असतं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक असते, पूर्ण मौन असतं. फोन, वाचन, लेखन, जप काहीच नाही. तीन महिन्यांच्या जखमेवर हे फार होतं. डोळे मिटले की तीच दृश्यं वर येतात, आणि सहाय्यक आचार्यांना विचारायची ठरावीक वेळ सोडली तर बोलायला कुणी नसतं. वर्ष उलटल्यावर, झोप लागायला लागल्यावर अर्ज करा आणि अर्जात सगळं खरं लिहा. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर शिबिरासाठी त्या स्वतःहून बंद करू नका.

आत्ता डोळे उघडे ठेवून आणि आवाज काढून करायची साधना बरी. संध्याकाळी जवळच्या देवळात सामुदायिक हरिपाठ होत असेल तर मागच्या खांबाशी बसा. म्हटलं नाही तरी चालेल, दहा बायकांचा आवाज आपल्याला धरून ठेवतो. सकाळी वीस मिनिटं चाला, रोज त्याच रस्त्याने.

देवावरच्या रागाला भिऊ नका. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी किती कडाक्याचं भांडण आहे ते पुन्हा वाचून बघा. पूजा होत नसेल तर करू नका. नुसता दिवा लावा, तोही जमला तर. राग आला तर मोठ्याने बोलून टाका. भांडणं म्हणजे नातं तुटलेलं नाही.

एक मात्र स्वतःला सरळ विचारा, जगावंसं वाटत नाही असा विचार येतो का? येत असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सहा महिन्यांनंतरही दिवसाचा बराच वेळ त्याच विचारात जात असेल आणि रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र आजार मानलं आहे, त्यावर उपचार आहेत. मुलाला विसरवणं हा त्या उपचारांचा भाग नसतो.

प्रश्न : सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. पहिली दिवाळी. कढई चढवायची नाही असं सगळे म्हणतात. मुलं लहान आहेत, त्यांना काय सांगू?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सुतक दहा दिवसांचं असतं. वर्षभर तळण न करणं ही घराघराची रीत आहे, तिला शास्त्राचा धाक नाही. तरी यंदा तळण केलं नाहीत तर त्यात एक सोय आहे: शेजारी आणि नातेवाईक फराळ घेऊन येतात. दार उघडं ठेवा, ‘आमच्याकडे यंदा काही नाही’ म्हणून परतवू नका. आजीच्या हातची चकली कशी असायची ते मुलांना चकली खातानाच सांगा.

कंदील लावायचा की नाही ते मुलांवर सोडा. धनत्रयोदशीला यमदीपदानाचा दिवा मात्र त्यांच्याकडून करून घ्या. मूठभर कणीक, चिमूटभर हळद, अगदी थोडं पाणी. पुरीपेक्षाही घट्ट मळायची, सैल झाली तर तेल झिरपून दिवा बसतो. लिंबाएवढा गोळा करून अंगठ्याने मध्ये खळगा पाडायचा, कड बोटाएवढी जाड ठेवायची आणि एका बाजूला वातीसाठी चोच काढायची. तिळाचं तेल, कापसाची वात. दाराबाहेर, जमिनीवर, वातीचं तोंड दक्षिणेला. धाकट्याचा दिवा वाकडा झाला तरी तोच लावा.